चाळीस टोपल्या माती

आमच्या घराला लातुरात ‘भट्टी’ म्हणतात, आणि म्हणणारे बहुतेक माझेच विद्यार्थी आहेत. सव्वीस वर्षं मी मुलांना उष्णता कुठून कुठे आणि कशी जाते ते शिकवतोय. हीच मुलं शंका विचारायला घरी येतात, पाच मिनिटं पत्र्याखाली बसतात, आणि जाताना एकमेकांना कोपराने ढोसत म्हणतात, “सरांचं प्रॅक्टिकल चालू आहे.” मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. त्याने त्यांचे मार्क वाढत नाहीत आणि घटतही नाहीत. सिद्धराम सर अर्धा मार्कसुद्धा फुकट देत नाहीत, अशी माझी गावभर बदनामी आहे आणि खरं सांगायचं तर मला ती आवडते. सख्ख्या पुतण्याला मी एका मार्काने नापास केलं होतं. भाऊ वर्षभर बोलत नव्हता.

घर पत्र्याचं का, हे मात्र मी कुणाला सांगत बसत नाही. चौऱ्याण्णव साली बसम्माचं स्थळ आलं तेव्हा भूकंपाला सात महिने झाले होते. ती किल्लारीपासून दोन कोसांवरच्या गावची. बघायला गेलो तेव्हा तिचे लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. चहाची कपबशी माझ्या हातात देऊन तिने सगळ्यांसमोर एकच अट सांगितली, “डोक्यावर माळवद नको आन स्लॅबबी नको. पत्रे चालतील.” मी तेव्हा तरुण होतो, मला त्या आवाजाचंच कौतुक वाटलं, आणि मी हो म्हणून बसलो.

तिच्या गावातली सगळी घरं माळवदाची होती. जाड लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर दोन-अडीच फूट पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात अशा घरात पंखासुद्धा लागत नसे. भूकंपाच्या पहाटे तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. बसम्मा गणपती बोळवून उशिरा परतली, आत सगळी निजानीज झालेली, म्हणून अंगणातल्या बाजेवरच आडवी झाली आणि वाचली. आत तिची धाकटी बहीण निलम्मा होती, दहावीत शिकणारी. एवढं मला माहीत होतं. त्यापुढचं बसम्माने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बावीस वर्षं.

तिची एक सवय मात्र साऱ्या गल्लीला ठाऊक होती. ती कायम दाराशी झोपायची, आणि आत कुणी झोपलं असेल तर दार लावू द्यायची नाही. थंडीत नाही, पावसात नाही, आणि एप्रिलच्या दुपारी, बाहेर झळा वाहत असताना तर मुळीच नाही. वरून पत्रा तापलेला आणि दारातून गरम वारा. मी एकदा तिला समजवायला गेलो की दुपारी दार लावलं तर खोली कमी तापेल. ती म्हणाली, “तुमचं बरोबर असंल, सर.” मला एरवी ती ‘अहो’ म्हणते. ‘सर’ म्हणाली की समजायचं, विषय संपला.

आमच्या आजूबाजूला बघता बघता चार-चार मजली इमारती उठल्या. क्लासला येणारी मुलं जिल्ह्याजिल्ह्यांतून येऊ लागली, आणि ज्याच्याकडे एक खोली होती त्याच्याकडे बारा झाल्या. आम्ही मात्र अंगणात एकच खोली बांधली, बारा बाय पंधरा, तीही पत्र्याचीच. त्यात दर वर्षी एखादी मुलगी राहायची, आमच्यातच जेवायची. आम्हाला मूलबाळ नाही. बसम्मा त्या मुलींचं इतकं करायची की निकाल लागून मुलगी गेली की हिला आठ दिवस जेवण जायचं नाही.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात त्या खोलीत राजकन्या होती. जळकोटकडची, बाप रामकिशन दुसऱ्याच्या शेतात सालाने राबणारा. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं आणि हा तिचा दुसरा प्रयत्न होता. बसम्मा तिला “निल्या, जेवलीस का” असं चुकून दोनदा म्हणालेलं मी ऐकलं होतं. राजकन्या शहाणी, तिने ओ दिली होती.

त्या वर्षी लातुरात पाणी नव्हतं. रेल्वेने आलेलं पाणी टँकरमधून वाटलं जात होतं आणि आम्ही भांडी धुतलेलं पाणी झाडाला घालत होतो. कुलर होता, पण त्यात काय ओतणार? मी प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर राजकन्येच्या खोलीत टांगला. दुपारी दोन वाजता बाहेर बेचाळीस, आत पंचेचाळीस. पोरगी ओला रुमाल डोक्याला बांधून गणितं सोडवत होती. परीक्षेला जेमतेम तीन आठवडे उरले असताना एका दुपारी तिचा घोळणा फुटला. वही लाल झाली. बसम्माने तिला मांडीवर घेऊन नाकावर ओलं फडकं धरलं, आणि पोरगी त्या अवस्थेतही म्हणत होती, “काकू, ते पान पुसून ठेवा, त्याच्यात सूत्रं हायेत.”

दुसऱ्या दिवशी रामकिशन आला. खोलीत उभं राहून त्याने वर पाहिलं, हात पत्र्याजवळ नेला आणि मागे घेतला. बोलणं त्याच्या जिवावर आलं होतं.

“सर, काकूंनी लेकीसारखं केलंय, न्हाई म्हनत न्हाई. पर तिकडं एका हॉस्टेलात जागा हाय. स्लॅबचं हाय, बोअरला पानी हाय. आठ-धा दिसांत घेऊन जातो.”

“स्लॅबखाली?” बसम्माने विचारलं.

“चार मजल्यांचं हाय, काकू. पोरगी दुसऱ्यावर.”

त्या दिवशी बसम्माने स्वयंपाक केला आणि ताट तसंच बाजूला सारलं. सकाळी म्हणाली, “शरणप्पाकडं दोन दिस जाऊन येते.” शरणप्पा तिचा भाऊ, पुनर्वसनाच्या गावात राहतो. निघताना दारात थांबून म्हणाली, “मी येईपर्यंत तिला हलवू नका. तिच्या डोक्यावर वरचे दोन मजले येतील, अहो.” मी तिला बसमध्ये बसवून दिलं. ती खिडकीतून माझ्याकडे पाहत होती आणि मला पहिल्यांदाच वाटलं, या बाईला मी पत्रे तेवढे दिले, बाकी काहीच दिलं नाही.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. पोरगी इथेच राहायला हवी आणि खोली थंड व्हायला हवी, एवढं माझ्यासमोर होतं. मी कागद-पेन घेऊन बसलो. पत्र्यावर तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, त्यावर चार बोटं कोरडी माती. ऊन आत यायला किती तास लागतील, किती अंश उतरतील, सगळं मांडलं. उत्तर फार सुंदर आलं. मी संगप्पाला बोलावलं. साठीचा माणूस, माळवदं घालण्यात ज्याचा हात कुणी धरला नसता. पण भूकंपानंतर माळवद कोण घालून घेणार? बावीस वर्षं तो दुसऱ्यांच्या भिंतींना चुना लावत होता. मी माती म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला.

“पांढरीच आनतो, सर. गढीखालची. खोली विहिरीवानी गार हुईल बगा.”

मी त्याला कडेला विटा लावून, मध्ये खालून दोन जादा लोखंडी अँगल देऊन काम सुरू करायला सांगितलं. बसम्मा परत येईल तोवर खोली थंडगार, आणि ती म्हणेल, ‘कसं काय केलं हो?’ या वयातही माणूस बायकोकडून शाबासकी मिळवायला काय काय करतो.

ती एक दिवस आधीच परत आली. भावाकडे जीव रमला नाही. फाटकातून आत आली तेव्हा संगप्पाची बायको डोक्यावर मातीचं टोपलं घेऊन शिडी चढत होती, आणि संगप्पा वर पाय दुमडून बसून माती थोपटत होता.

“काय करायलेत वर?” बसम्माने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

मी पुढे होऊन सांगायला लागलो. तुराट्या, माती, अंश, तास. ती ऐकत होती. मग म्हणाली, “वजन किती हुईल, सर?”

मी उष्णतेचं गणित केलं होतं, वजनाचं केलंच नव्हतं. पहिल्या वर्गातला मुलगा करणार नाही अशी चूक. तिथेच उभ्याउभ्या मनात गुणाकार केला.

“दोन टन,” मी म्हणालो.

तिने पदर खोचला आणि ती शिडी चढून वर गेली. पंचेचाळिशीची बाई, दम्याचा त्रास. वर बसून दोन्ही हातांनी ती माती ओंजळीने टोपल्यात भरू लागली. संगप्पा घाबरून म्हणाला, “अक्का, आमी काडतो, तुमी उतरा.” ती उतरली नाही. खाली राजकन्या वही छातीशी धरून उभी होती. मी वर गेलो आणि तिच्यासमोर बसून मीही माती भरू लागलो. दुसरं काय करणार होतो? पत्रा तव्यासारखा तापला होता, तुराट्यांवर बसूनही चटके बसत होते.

दोन-तीन टोपल्या भरून झाल्यावर ती थांबली. माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

“माळवद गळायलं की वर माती टाकावी लागती. दर साली टाकत्यात. त्या साली गणपतीच्या आदी पाऊस झाला आन निल्याच्या अंथरुणावर टिपूस पडायलं. तिची पुस्तकं भिजली. मला म्हनली, अक्का, माझ्यावरचं तेवढं बंद कर. म्या गढीकडून माती आनली. मोजून चाळीस टोपल्या. एकटीनं. तिच्या डोक्यावरच टाकल्या, थोपटून थोपटून.”

संगप्पाचा हात तिथेच थांबला. त्याची बायको शिडीच्या मधल्या पायरीवर उभी होती, ती खाली उतरली नाही की वर आली नाही.

“पंदरा दिवसांनी ती तेच्याच खाली गेली,” बसम्मा म्हणाली. “लोकं म्हनत्यात भूकंपानं. चाळीस टोपल्या कुनी टाकल्या, ते कुनाला म्हाईत न्हाई.”

बावीस वर्षं मी या बाईशेजारी झोपलो होतो. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. तिला कसंबसं खाली आणलं, राजकन्येच्या खोलीत खाटेवर बसवलं. राजकन्येने माठातलं पाणी दिलं. खोलीत तिचा फळा होता, भिंतीला टेकवलेला. मला दुसरं काही येत नाही, म्हणून मी खडू उचलला.

“तुमच्या त्या खोलीचं माप सांग.”

“हिच्याएवढीच. बारा-पंदराची असंल.”

“वर माती किती?”

“अडीच फूट. आज्ज्याच्या आज्ज्यापासनं चढत आलेली.”

मी फळ्यावर मांडलं. लांबी, रुंदी, उंची. संगप्पा दारात येऊन उभा राहिला होता, त्याला टोपल्याचं माप विचारलं. सोळा-सतरा किलो, तो म्हणाला. राजकन्येने माझ्याआधीच भागाकार करून वहीत उत्तर काढलं. मी फळ्यावर मोठ्या आकड्यात लिहिलं: बाराशे.

“तुझ्या बहिणीवर बाराशे टोपल्या होत्या, बसम्मा. त्यातल्या अकराशे साठ तू हात लावायच्या आधीच वर होत्या. तुझ्या चाळीस खोलीभर पसरल्या तर थर होतो एक इंच.”

ती त्या आकड्याकडे बघत राहिली. “एक इंच,” ती म्हणाली. “तेवढा नसता तर?”

“तरीही तेच झालं असतं. वजनाने तुळया मोडल्या नाहीत. भिंती मातीत बसवलेल्या दगडांच्या होत्या, त्या फाकल्या आणि वरचं सगळं खाली आलं. तो इंच असो नसो, भिंती फाकल्याच असत्या.”

“माझ्यासाठी पदरचे मार्क टाकायलात का, सर?”

“आजवर कुणाला टाकले?”

ती विचार करत होती. खरोखर विचार करत होती, पुतण्यापर्यंत मागे जाऊन. मग म्हणाली, “न्हाई.” आणि तोंडाला पदर लावून ती जी रडायला लागली, ती बराच वेळ रडत होती. राजकन्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. संगप्पाने दारातच डोक्याचा रुमाल काढला आणि तो तसाच हातात धरून उभा राहिला.

माती अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी गेली. रामकिशनने दिलेले दिवस मात्र सरत आले होते. तिसऱ्या दिवशी बसम्मा स्वतःच म्हणाली, “पोरीला गारवा पायजे. पर माझ्या अंगावर पाडून बघितल्याबिगर काईच वर जानार न्हाई.”

ही अट घेऊन मी सर्वेशच्या दुकानात गेलो. छताची कामं करतो तो. माझाच विद्यार्थी. “सर, तुम्ही दोन मार्कांनी पाडलं म्हणून मी या धंद्यात आलो,” असं तो गिऱ्हाइकांसमोर अभिमानाने सांगतो. त्याने दोन इंच जाडीचे थर्माकोलचे पांढरे तुकडे दिले आणि टांगायची रीत सांगितली: पत्रा आणि थर्माकोल यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा, दोन्ही टोकांना गरम हवा बाहेर जायला झरोके. पत्र्याला वरून संगप्पा चुना लावणार होता, डिंक घालून, दोन हात. पाणी लागणार होतं, तर बसम्माने तीन दिवस भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवून ठेवलं.

छत टांगायच्या दिवशी ती खोलीत आली आणि राजकन्येच्या खाटेवर उताणी झोपली. हात पोटावर, डोळे उघडे.

“पाडा,” ती म्हणाली.

मी स्टुलावर उभा होतो. हातात खोलीतला सगळ्यात मोठा तुकडा. वजन म्हणाल तर अर्ध्या किलोच्या आसपास. मी सोडला. तो हवेत तरंगत आडवा तिच्यावर पडला आणि ती पूर्ण झाकली गेली, नुसती पावलं बाहेर. ती हलली नाही. मी स्टुलावरून उतरणार तेवढ्यात खालून आवाज आला.

“लागलं न्हाई.”

मग थोड्या वेळाने, “परत.”

मी सात वेळा पाडलं. सातव्या वेळी ती थर्माकोलखाली हसत होती, की रडत होती, मला कळलं नाही, आणि मी उचलूनही पाहिलं नाही. शेवटी हाताने तुकडा बाजूला सारून ती उठून बसली, केसांतले पांढरे कण झटकले आणि म्हणाली, “बसवा आता. वाकडं बसवू नका.”

रामकिशन आला तेव्हा पोरीचं बोचकं बांधून न्यायच्या तयारीनेच आला होता. खोलीत उभं राहून त्याने वर पाहिलं आणि खांद्यावरची मोकळी पिशवी घडी करून काखेत मारली. “बरं वाटायलंय, सर,” एवढंच म्हणाला.

मी मात्र समाधानी नव्हतो. थर्मामीटर एक्केचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता. कारण मला माहीत होतं: दार. भर दुपारी ते सताड उघडं असे आणि झळा सरळ आत. पण त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. माणसाने एका आठवड्यात किती मागावं यालाही मर्यादा आहे. राजकन्याही बिचारी उघड्या दाराशेजारी, ओला रुमाल बांधून बसायची, कारण समोर घराच्या दाराशी पडलेल्या काकूंचा डोळा त्या दारावरच असायचा.

परीक्षेच्या चार दिवस आधी मी दुपारी क्लासवरून लवकर आलो. राजकन्या अंगणात कढीपत्त्याच्या सावलीत वही घेऊन बसलेली. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं.

“सर, हळू. काकू झोपल्यात.”

“कुठे?” मी घराच्या दाराकडे पाहिलं. तिथे तिची सतरंजी नव्हती.

“माझ्या खोलीत. मला म्हनल्या, तू जरा भाईर बस, मी आत पडून बगते. तासभर झाला.”

मी खोलीकडे वळलो. खिडकीतून पाहिलं. पांढऱ्या छताखाली, खोलीच्या अगदी मधोमध, भिंतींपासून आणि उंबऱ्यापासून सारख्याच दूर, बसम्मा एका कुशीवर गाढ झोपली होती. तोंड थोडं उघडं, पदर बाजूला पडलेला. भिंतीवरचा थर्मामीटर अडतीस दाखवत होता. मला ते कळायला क्षणभर वेळ लागला, कारण मी तोवर दुसरंच काही बघत होतो.

दार लावलेलं होतं. आतून.